पात्रातील जादा तेल

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आपणांस ठाऊक आहे. झोप दहाही जणींस लागली होती. उणीव पडली ती पाच जणींच्या जादा तेलाची, आणि ते ऐन वेळी उसनेही मिळाले नाही.

ता. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर येथील नारळीपोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. वीज गेली, फोन मुके झाले. कोरोनाच्या साथीने कॉलेजे आधीच बंद होती. फोनवर चाललेला अभ्यासही थांबला. ज्या घरी मुलाची फी सुपारीवर भागत असे, त्यांनी मागावे कोणाजवळ? शेजाऱ्याचीही बाग पडलेली! आणि नवी पोफळ फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात.

अशी तजवीज करणे हा अविश्वास होय, असे काही बंधू म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. शहाण्या कुमारींचा वरावर विश्वास होताच. तेव्हा आईबापांनी एका सत्राची फी पोस्टात निराळी ठेवावी, लग्नकार्यातही तिला हात लावू नये. विद्यार्थ्यांनी टिपणे वहीतही उतरावीत, आणि प्रमाणपत्रांच्या नकला दूर गावच्या नातलगाकडे, पावसाळ्यापूर्वीच, ठेवून याव्यात.