मळ कोणाचा?

जुन्या कॅसेटचा आवाज बसला, की घरातील मंडळी एका वाक्यात निकाल देतात : "कॅसेट गेली." या निकालात एक गृहीत दडलेले असते, ते असे की दोष पलीकडचा, आवाज देणाऱ्याचा, ऐकणारे यंत्र निर्दोष आहे. नीतीच्या दृष्टीने हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते. कारण परभणी जिल्ह्यातील अनेक घरांच्या लोखंडी कपाटांत आज ज्या कॅसेटी पडून आहेत, त्यांत केवळ बाजारातील गाणी नाहीत. दिवंगत माणसांचे आवाज आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही.

प्रथम यंत्राकडे पाहू. १९६३ साली फिलिप्स कंपनीने ही कॅसेट जगापुढे आणली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते व सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकते. सरकताना फितीवरील चुंबकीय लेपाची अतिसूक्ष्म भुकटी हेडवर बसत जाते. या भुकटीचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर जमला, तरी फीत हेडपासून तेवढीच दूर जाते आणि वरच्या पट्टीतील ध्वनी प्रथम मरतात. स्वर उरतात, 'स', 'श', 'च' यांची धार मात्र बोथट होते. माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. अशा वेळी आपण म्हणतो, म्हातारीचे उच्चारच अस्पष्ट होते! वस्तुतः मळ आपल्या हेडवर असतो.

तो काढणे अवघड नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड हलक्या हाताने पुसावे. तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत काड्या बदलाव्यात. सुगंध वा तेल मिसळलेले द्रव्य वापरू नये. फीत ओढणारा पोलादी दांडाही तसाच पुसावा. त्याला टेकणाऱ्या रबरी चाकास मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके पुरे, कारण अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होते. हेच चाक चिकट झाले, की टेप कॅसेट 'खाते'. सर्व वाळल्यावर प्रथम एखादी टाकाऊ कॅसेट लावून पाहावी. आईचा आवाज परीक्षेला बसवू नये.

हेडच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो. त्याने हेडचा कल बदलतो. आवाज बसला की पुष्कळांचा हात आधी या स्क्रूकडे जातो. पुसण्याचे कष्ट नकोत, फिरवण्याची मात्र घाई! तथापि या स्क्रूचेही एक प्रयोजन आहे. मूळ ध्वनिमुद्रण वाकड्या हेडच्या यंत्रावर झाले असेल, तर आपले सरळ हेडही ते नीट वाचू शकत नाही. तेव्हा त्या कॅसेटपुरते आपले हेड तिच्या कलाने किंचित वळवावे लागते, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा मूळ जागी आणावे लागते. अर्थात, मुद्रणाच्या वेळीच हेड मळलेले असेल, तर जे फितीवर उतरलेच नाही ते कोणत्याही पुसण्याने परत येणार नाही. सर्व दोष ऐकणाऱ्याचेच, असे आमचे म्हणणे नाही. आधी आपले यंत्र पुसले असेल, तरच तो भेद कळतो, एवढेच.

खरा पेच यापुढे आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. जात्यावरची ओवी येथे पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. आमच्या परिचयातील एका कुटुंबात आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. हेड पुसल्यावर आवाज उजळला, आणि त्याबरोबर जात्याची घरघरही उजळली. शहरात राहणाऱ्या नातवाने संगणकावर प्रत केली व ती घरघर गाळून टाकण्याचे ठरविले. आत्याबाईंनी त्याला अडविले. "जातं काढून टाकलं, तर माय तिथं कशापायी बसली होती?" असे त्या म्हणाल्या.

आमचे मत आत्याबाईंच्या बाजूचे आहे. हेडवरची भुकटी आणि जात्याची घरघर या दोन्ही गोष्टी कानाला सारख्याच अडथळ्याच्या वाटतात. पण भुकटी आपण ऐकण्याच्या आड आणलेली आहे, घरघर त्या बाईच्या आयुष्याची आहे. ओवीची लयच जात्याच्या फेऱ्यावर बांधलेली. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करू लागले. तेथे गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, कुटुंब हेही ओवीसोबत दिलेले असते. तिच्या भोवतीचे सारे पुसून केवळ शब्द ठेवले असते, तर संग्रह कदाचित अधिक सुबक दिसला असता. पण मग ओवी कोणाची, हे कोणी विचारले असते?

राहिला प्रश्न जपण्याचा. प्रत्येक वेळी वाजविताना फीत कणभर झिजते, म्हणून काही जण कॅसेट वाजवीतच नाहीत. परंतु न वाजविलेली फीतही टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटतो, कॅसेटमधील नमद्याची लहानशी गादी गळून पडते. तेव्हा यंत्र पुसून एकदा वाजवावी आणि त्याच वेळी प्रत करून घ्यावी. एक प्रत जशीच्या तशी, घरघरीसह, ठेवावी. नातवाला हवी तर दुसरी गाळलेली करून घेऊ द्यावी, पण तिच्यावर तसे लिहून ठेवण्यास सांगावे. मूळ कॅसेट उभी ठेवावी आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. आत्याबाईंनी ती साड्यांच्या कप्प्यात ठेवली आहे, आणि पावसाळा संपला की त्या तो कप्पा उघडून हवा लावतात.