केरसुणीला हळदकुंकू

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी नवी केरसुणी येते. पाटाशेजारी ती भिंतीला टेकवून ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात, फूल घालतात. केर मात्र त्या संध्याकाळी जुनीच काढते. नव्या केरसुणीला देवपण मिळाले म्हणजे तिचे काम सुटलेच! लहानपणी मला यात काहीच वावगे वाटत नसे. आता वय झाल्यावर ती केरसुणी पाहिली की गाडगेबाबा आठवतात, आणि सणाच्या घरात मी उगाच गप्प होतो.

माझ्या आजोबांनी त्यांचे कीर्तन दोनदा ऐकले होते. आमचे गाव मूर्तिजापूरच्या बाजूचे. बाबांचे मामाचे दापुरे गाव तिथून फार लांब नाही, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याविषयी घरच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत. १८७६ साली शेंडगावला परिटाच्या घरी जन्मलेला हा डेबू १९०५ साली घर सोडून निघाला, आणि पुढे पन्नास वर्षे अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात झाडू आणि गाडगे एवढ्या संसारावर महाराष्ट्रभर हिंडला. गावात आला की आधी रस्ते झाडायचे. कित्येकांना वाटे, कोणी वेडा आला आहे. रात्री तोच वेडा कीर्तनाला उभा राही.

आजोबा सांगत, की त्या कीर्तनात माणसे पोट धरधरून हसत. बुवांचे कीर्तन म्हणजे पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान. इथे त्यातले काही नाही. बाबा नुसते प्रश्न विचारीत आणि उत्तरे लोकांनीच द्यायची. देवाला बोकड कशाला लागतो, कर्ज काढून जेवणावळी कोण घालतो, पोरगा शाळेत का जात नाही, असे साधे प्रश्न, आणि तेही अस्सल वऱ्हाडीत. लोक हसत हसत उत्तर देत, आणि उत्तर तोंडातून निघाल्यावर त्यांच्या ध्यानात येई की आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली. आजोबांनी त्यांच्या वडिलांच्या तेरवीला सावकाराकडून पैसे काढले होते. “हासता हासता कवा थापड बसली, समजलंच नाही पोरा,” असे ते म्हणत आणि पुन्हा हसत. ते कर्ज फेडायला त्यांना सात वर्षे लागली होती.

विनोदी माणसाविषयी आपली एक समजूत असते, की तो आपल्याला सुखी करण्यासाठी बोलतो. बाबांचा विनोद त्या जातीचा नव्हता. तो झाडूच्या जातीचा होता. पण झाडू मारणाऱ्यावर लोक चिडतात. या माणसावर कोणी चिडले नाही, उलट जीव लावला. मला वाटते, याचे कारण असे की ते लोकांना हसत तेव्हा स्वतः त्याच लोकांत बसलेले असत. उंचावर बसून खाली हसणारा विनोद निराळा आणि एकाच चटईवरचा विनोद निराळा. पाया पडायला कोणी आला तर ते काठी उगारीत. गुरू व्हायचे नाही, शिष्य करायचे नाहीत, हे व्रत त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

आणि जाताना त्यांनी सांगून ठेवले, की जिथे मरेन तिथेच माझा शेवट करा. माझी मूर्ती, समाधी, देऊळ काही उभारू नका. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीला त्यांची समाधी आहे, तिथे लोकांची रीघ लागते. गावोगाव त्यांचे पुतळे आहेत. पुतळ्याच्या हातात झाडू असतो. पुतळ्याच्या पायाशी पडलेला पालापाचोळा मात्र पगारी माणूस झाडतो.

इथे टीका करून मोकळे होणे सोपे आहे. पण मी स्वतःला विचारतो, त्या लोकांनी काय करायला हवे होते? ज्याच्यावर इतका जीव, तो गेल्यावर हात रिकामे कसे ठेवायचे? दुःखालाही काहीतरी करायला हवे असते. शिवाय समाधी नसती तर आजच्या पोराला हे नाव तरी कळले असते काय? असा युक्तिवाद मी पुष्कळ वेळ केला. तो खोटा नाही. पण नाव राहावे अशी इच्छा बाबांची नव्हतीच, आपली होती; आणि आपल्या गरजेला आपण त्यांची भक्ती म्हटले. मेलेला माणूस काठी उगारीत नाही, हे किती सोयीचे असते!

त्यांच्या आज्ञेत राहून झालेली कामेही आहेत, हे विसरता येत नाही. नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई इथल्या धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या, पण स्वतःसाठी तिथे खोली ठेवली नाही. पंढरपूरचे एक वसतिगृह त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केले. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि काही गावे खरोखरच स्वच्छ झाली. नाव वापरले गेले, पण झाडूसकट. तेवढे मला चालते. नुसती मूर्ती मला चालत नाही, कारण दगडात सगळे कोरता येते, ते खट्याळ प्रश्न कोरता येत नाहीत. मूर्तीतले बाबा फार गंभीर दिसतात. आजोबांनी ते ओळखलेसुद्धा नसते.

पण मी कोण बोलणारा? आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, की माझी तेरवी करू नका, त्या पैशांतून गावच्या शाळेत बाके घ्या. मी मान हलवली. ते गेल्यावर वडीलधारी मंडळी जमली. एवढा मोठा माणूस, त्याचे काहीच नाही केले तर गाव काय म्हणेल? मी त्यांचा नातू, शिकलेला, मीच जिलेबीची यादी केली. दोनशे माणूस जेवले. जेवताना सगळे आजोबांच्या आठवणी काढीत होते, आणि एकजण बाबांच्या कीर्तनातली तीच कर्जाची, तेरवीची गंमत अगदी नक्कल करून सांगत होता. पंगत खदखदून हसली. वाढता वाढता मीही हसलो, आणि हातातले जिलेबीचे ताट घेऊन तसाच पुढच्या पानावर गेलो.

बाके पुढे चार वर्षांनी घेतली. आजोबांचे नाव घालायचे की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी घातले नाही. परवा शाळेत गेलो होतो, तर एका बाकावर कुणा पोराने कर्कटकाने स्वतःचेच नाव कोरले होते.

आज लक्ष्मीपूजन. सूनबाईंनी केरसुणीला हळदकुंकू वाहिले आहे. अंगणात फटाक्यांचे कागद पसरले आहेत, आणि जुनी केरसुणी कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नाही.