धक्का कुणी मारला?

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथल्या इतेवॉन भागातल्या एका उताराच्या अरुंद गल्लीत २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दीडशेहून अधिक माणसे गर्दीत चिरडून गेली. बहुतेक जण विशी-तिशीतले होते. त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : धक्का कुणी मारला? डोक्यावर सशाचे कान लावलेला एक तरुण 'ढकला, ढकला' असे ओरडत होता, अशी बातमी पसरली. पोलिसांनी चित्रणे तपासली, त्या तरुणाला शोधून चौकशी केली आणि त्याच्यावर ठपका ठेवण्यासारखे काहीही हाती लागले नाही. मात्र त्याच दिवसांत फोनची एक नोंद उघड झाली. 'इथे माणसे चेंगरतील' असे सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी आला होता. माणसे एकमेकांवर कोसळली ती दहानंतर. तोवर असे ११ फोन येऊन गेले होते.

'धक्का कुणी मारला' हा प्रश्न न्यायाचा वाटतो. माणूस मेला म्हणजे मारणारा कुणीतरी असणार, तो सापडला की हिशेब पुरा, असे आपले मन सांगते. माझे म्हणणे असे की गर्दीतल्या मृत्यूंबाबत हा प्रश्नच अन्यायाचा आहे. ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांच्यात तो दोषी शोधायला लावतो, आणि ज्यांच्या हाती वेळ, नकाशा आणि अधिकार होता त्यांच्यावरून नजर हटवतो.

आधी गर्दीत शरीराचे काय होते ते पाहू. विरळ गर्दीत धक्का हे एका माणसाचे कृत्य असते. हात कुणाचा ते दिसते, चूक कुणाची ते सांगता येते. पण एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की पाऊल कुठे ठेवायचे हे माणसाच्या हाती उरत नाही. शरीरे चहूबाजूंनी एकमेकांना टेकलेली असतात, त्यामुळे एकाचा तोल गेला तरी त्याचा दाब लाटेसारखा बऱ्याच अंतरापर्यंत जातो. असे अपघात अभ्यासणारे अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिले की यातले बरेचसे बळी तुडवले जाऊन जात नाहीत, छातीवरच्या दाबाने श्वास कोंडून जातात. कित्येकदा उभ्या उभ्याच. पोलादी कठडे वाकावेत इतका तो दाब असतो आणि तो कुणा एकाच्या दंडातून आलेला नसतो. स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या उत्सवात चौकात जमणाऱ्या हजारोंच्या गर्दीची चित्रणे फ्रेंच शास्त्रज्ञांनी तपासली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले की दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचा जमाव आपोआप गोल फिरल्यासारखा झुलू लागतो. एक फेरा साधारण १८ सेकंदांचा. बाहेरून कुणी ढकलावे लागत नाही. ज्याला थांबता येत नाही, वळता येत नाही, पुढे काय घडते आहे ते दिसतही नाही, त्याला त्या हालचालीचा कर्ता म्हणणे मला नीतीला धरून वाटत नाही. कर्तेपणाला निवड लागते आणि निवडीला निदान पाऊलभर जागा लागते.

या चुकीच्या प्रश्नाची किंमत किती मोठी असते ते इंग्लंडमधल्या हिल्सबरो प्रकरणात दिसते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या मैदानात फुटबॉलच्या सामन्याला आलेले लिव्हरपूलचे प्रेक्षक कुंपणाने बंदिस्त केलेल्या, उभे राहून सामना पाहण्याच्या कप्प्यांत चेंगरले. एकूण ९७ जीव गेले. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून एक मोठे दार पोलिसांच्याच हुकमाने उघडले गेले होते. आत शिरलेली माणसे आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे नेणाऱ्या बोगद्यात गेली. तो बोगदा कुणी बंद केला नाही आणि शेजारच्या कप्प्यांत जागा असूनही कुणी लोकांना तिकडे वळवले नाही. त्याच दुपारी बंदोबस्ताच्या मुख्य अधिकाऱ्याने सांगितले की प्रेक्षकांनी दार जबरदस्तीने उघडले. हे खोटे होते. पण ते वृत्तपत्रांनी उचलले. दारू प्यायलेल्या, ढकलाढकली करणाऱ्या जमावानेच आपली माणसे मारली, ही गोष्ट रुजली. मृतांच्या, अगदी लहान मुलांच्याही, रक्तात दारू आहे का ते तपासले गेले. आपल्या पोटच्या मुलाच्या मृत्यूचा दोष त्याच्यासोबत उभ्या असलेल्यांवर टाकला जातो आहे, हे त्या आईबापांनी किती काळ सोसावे? पोलिसांचे नियंत्रण कोसळले हेच मुख्य कारण, असा निष्कर्ष न्यायमूर्ती टेलर यांनी १९८९ मध्येच काढला होता. तरी ती गोष्ट मेली नाही. २०१६ मध्ये पंचांनी हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध ठरवले आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता असे स्पष्ट केले. तोवर २७ वर्षे उलटली होती.

आपल्याकडेही हाच प्रश्न विचारला जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात ११४ जण गेले, त्यांत बायका-मुले पुष्कळ होती. पोलिसांचा लाठीमार, पुढे अडथळे आणि मागे अफाट गर्दी, अशा जागी 'लोक पळत सुटले' या वाक्याला काय अर्थ उरतो? २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर तीनशेच्या आसपास भाविक गेले. शाकंभरी पौर्णिमा दरवर्षी पौषातच येते आणि काळूबाईची यात्रा कुणाला न सांगता भरत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ प्रवासी गेले, तेव्हा पाऊस अचानक आल्याचे आणि अफवा पसरल्याचे सांगितले गेले. पण गिरण्या जाऊन तिथे कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, माणसांचा लोंढा कित्येक पटींनी वाढला होता आणि पूल तेवढाच होता. पाऊस तर मुंबईत सप्टेंबरात पडतोच.

इथे आक्षेप घेतला जाईल की मग माणसांची काहीच जबाबदारी नाही का. रांग मोडणारा, गाडी थांबण्याआधी आत घुसणारा, वृद्धांना कोपर मारून पुढे जाणारा रोज दिसतो. त्याला मी मोकळा सोडत नाही. जिथे थांबणे शक्य आहे तिथे न थांबणे ही चूकच आहे. पण तिची जागा दाटीच्या आधी आहे, आणि मागच्याला पुढचे दिसत नसेल तर ती चूक आहे हेही त्याला कळत नाही. मागे उभ्या असलेल्याला आपण फक्त अर्धे पाऊल पुढे सरकलो एवढेच ठाऊक असते. त्या अर्ध्या पावलाची पुढे काय किंमत मोजली जाते आहे ते त्याला सांगणे, हे उंचावर उभ्या असलेल्याचे काम.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे : आपल्या लोकांना शिस्तच नाही, कितीही व्यवस्था करा. याला उत्तर द्यायला आषाढीची वारी पुरेशी आहे. लाखो माणसे कित्येक दिवस चालतात. माउलींच्या रथापुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, मुक्काम ठरलेले, विसाव्याच्या जागा ठरलेल्या, चोपदाराने दंड उंचावला की तळावरचा गलका थांबतो. तेच शेतकरी, त्याच मायबहिणी एखाद्या स्थानकावर किंवा यात्रेत चेंगरतात तेव्हा त्यांचा स्वभाव बदललेला नसतो, त्यांना मिळालेली जागा आणि माहिती बदललेली असते. वारीतही घाटात आणि मंदिराजवळ दाटी होतेच, त्यामुळे मी तिला निर्दोष म्हणत नाही. पण सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात त्या 'बेशिस्त जमाव' या निदानाला ती खोटे पाडते.

२७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ भाविक गेले होते. आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे आणि त्याची कामे चालू आहेत. बातम्यांत कोटींचे आकडे येतात, घाटांची लांबी येते, पोलिसांची संख्या येते. मला दुसरे काही कळायला हवे आहे. रामकुंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक गल्लीत एका वेळी किती माणसे सामावतील हे कुणी मोजले आहे का? तो आकडा ओलांडला की मागचा रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याकडे असेल? त्याला त्यासाठी वरून परवानगी मागावी लागेल का? आणि आतल्या कुणी भाविकाने 'इथे चेंगरायची वेळ आली आहे' असा फोन केला, तर तो कुठल्या टेबलावर जाईल? ही उत्तरे, जबाबदार अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांसह, पहिल्या पर्वणीच्या आधी जाहीर झाली पाहिजेत.