शंभराची नोट

‘पापी’ हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. पोट पापी असतं, शनी पापग्रह असतो, शेजारच्या वाड्यातला घरमालक तर असतोच असतो. फक्त आपण नसतो. मी तरी स्वतःला कधी पापी समजलो नव्हतो. पापी माणसाला निदान मिशा तरी हव्यात, असं हिंदी चित्रपट बघून माझं मत झालं होतं.

या मताला तडा गेला तो आमच्या शेजाऱ्यांमुळे. हे गृहस्थ वसईचे, कॅथलिक. नाताळात त्यांचा केक आमच्याकडे येतो, दिवाळीत आमच्या चकल्या त्यांच्याकडे जातात. एकदा त्यांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, ते जिन्यात भेटले. म्हणाले, “कन्फेशनला जाऊन येतो.”

मी चाट पडलो. हा माणूस जिन्यातून उतरतानासुद्धा चपलांचा आवाज करीत नाही. हा कसलं पाप करणार?

“अहो, मिस्साच्या सुरुवातीला आम्ही सगळेच छातीवर हात मारून कबुली देतो,” ते म्हणाले. “मनानं, तोंडानं, हातानं जे वाईट केलं ते तर आलंच. पण जे करायला हवं होतं आणि केलं नाही, तेही.”

“सगळेच? फादरसुद्धा?”

“फादर तर आलेच. पोपनाही कन्फेशन चुकत नाही.”

ते गेले. मी मात्र जिन्यातच उभा राहिलो. ते ‘केलं नाही’ घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

गोष्ट १९७९ सालची. मी एका कचेरीत रोखपाल होतो. एके संध्याकाळी हिशेबात शंभर रुपये कमी भरले. साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शेवटचा गठ्ठा यानं मोजला होता.” ‘यानं’ म्हणजे माझा मदतनीस मित्र. ते शंभर रुपये त्याच्या पगारातून कापले गेले. आठ दिवसांनी माझ्या खणात तळाशी पसरलेला वर्तमानपत्राचा कागद बदलताना त्याखाली ती नोट सापडली. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला. शेवटी ती मी गणपतीच्या दानपेटीत टाकली. म्हणजे गुन्ह्यात देवालाच भागीदार करून घेतलं!

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना गाठलं. “माझा एक मित्र आहे...” अशी सुरुवात करून सगळं सांगितलं. ‘एक मित्र’ कोण, हे त्यांनी ओळखलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हणाले, “दानपेटी तुम्हीच शोधलीत असं समजू नका. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं ९५ मुद्दे मांडले, ते पैशाच्या बदल्यात मिळणाऱ्या क्षमापत्रांवरूनच. आणि संत ऑगस्टिन! सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाचे नासपती चोरले. भूक नव्हती; बरेचसे डुकरांपुढे टाकले. पुढे बिशप झाल्यावर आत्मकथन लिहिलं, त्यात त्या नासपतींवर पानंच्या पानं आहेत.”

जाताना त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ माझ्या हाती ठेवलं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं असतं. तो पाया पडतो, राजा सगळं माफ करतो. बाहेर पडताच त्याला शंभर दिनारांचा देणेकरी भेटतो, तर हा त्याचा गळाच धरतो.

मी जुना रोखपाल. लगेच कागद घेतला. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे देणं सहा कोटी दिवसांचं! रविवारची सुट्टी न घेता राबलं तरी १ लाख ६४ हजार वर्षं. असलं देणं फिटत नाही, माफच व्हावं लागतं. आतापर्यंत माझी समजूत अशी की, पुण्याचे हप्ते भरत राहिलं की पापाचं खातं आपोआप बंद होतं. आणि गंमत पाहा, स्वतःची शंभराची नोट विसरू पाहणारा मी, मेहुण्यानं १९८६ साली नेलेली छत्री मात्र विसरलो नव्हतो!

पुस्तक परत करताना मी म्हटलं, “मग त्या मित्रानं कन्फेशन घेतलं की सुटला?”

“छे! फादर देवाच्या नावानं क्षमा देतात. पण ज्याची वस्तू त्याला परत करायची, कुणाचं नाव खराब केलं असेल तर होईल तेवढं धुऊन द्यायचं, हे उरतंच.”

गेल्या रविवारी मी त्या मित्राकडे गेलो. चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. सगळं एका दमात सांगून टाकलं. तो हसून ‘जाऊ दे रे’ म्हणेल, अशी मनाच्या कोपऱ्यात आशा होती. तो हसला नाही. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

“त्या महिन्यात आईच्या औषधांचे पैसे उसने आणले होते,” तो म्हणाला. “आणि हिला अजून वाटतं, मीच नोट हरवली. मला सांगितलंस ते ठीक. आता आत जाऊन हिला सांग.”

दिवाणखान्यातून स्वयंपाकघर दहा पावलं. ती दहा पावलं मला त्या १ लाख ६४ हजार वर्षांहून लांब वाटली. वहिनींनी सगळं ऐकलं, गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“भावोजी, तुमचं काय ते तुम्ही दोघं बघा. पण अहो,” त्या नवऱ्याकडे वळल्या, “मी इतकी वर्षं उठता बसता तुम्हांला वेंधळा म्हणत आले, त्याचं काय?”

“त्याचं काही नाही,” तो म्हणाला. “वेंधळा मी आहेच.”

मग तो हसला. आधी तिच्याकडे बघून, आणि जरा वेळानं माझ्याकडे बघून.

शंभर रुपये त्यानं घेतले. मोजून घेतले. मेहुण्याची छत्री मी त्याच रात्री खर्ची टाकली.