हेगला दाखवले, ते नाशिकला का नाही?

जून १९९७ मध्ये भारताने हेग येथील रासायनिक शस्त्रबंदी संघटनेला कळवले की आमच्याकडे रासायनिक शस्त्रे आहेत. साठा होता सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्डचा. ही कबुली सोपी नव्हती. पाचच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९९२ मध्ये, भारत आणि पाकिस्तानने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या होत्या. अशी शस्त्रे बनवणार नाही, बाळगणार नाही, वापरणार नाही, असे दोघांनी त्यात लिहून दिले होते. म्हणजे १९९७ ची कबुली आपलाच आधीचा शब्द खोटा पाडणारी होती. इस्लामाबादने त्यावरून टीका केली, ती व्हायचीच होती. तरीही भारताने साठा जाहीर केला, परक्या निरीक्षकांना मोजू दिला, त्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट केला आणि २००९ च्या एप्रिलअखेरची मुदत पाळली. अल्बानिया आणि नाव गोपनीय ठेवलेला आणखी एक देश यांच्यानंतर आपला घोषित साठा पूर्णपणे संपवणारा भारत हा तिसरा देश ठरला.

कबुलीच्या पुढच्याच वर्षी पोखरणला अणुचाचण्या झाल्या, तेव्हा चौकाचौकांत पेढे वाटले गेले. मस्टर्डचा शेवटचा टन नष्ट झाला तेव्हा फटाके तर सोडाच, साधी चर्चाही झाली नाही. शस्त्र मिळवणे हा पराक्रम आणि शस्त्र सोडणे ही कारकुनी, अशी आपली समजूत आहे. माझ्या मते या दोहोंत दुसरे काम अधिक अवघड आणि अधिक मोठे. मात्र ते ज्या पद्धतीने झाले, त्यात एक उणीव राहून गेली. तिची किंमत आज नाशिकसारख्या शहराला मोजावी लागू शकते.

आधी ही वस्तू काय होती ते पाहू. तिला मस्टर्ड गॅस म्हणत असले तरी तो वायू नाही. ते तेलकट द्रव असते आणि साधारण १४ अंश सेल्सिअसला गोठते. निफाडच्या डिसेंबरमध्ये उघड्यावर ठेवले तर मेणासारखे घट्ट होईल. अंगाला लागले की लगेच आग होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. काही तासांनी कातडीवर फोड उठतात, डोळे सुजून मिटतात, श्वासनलिका आतून सोलवटते. १९१७ मध्ये जर्मनीने ते प्रथम रणांगणावर आणले. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो भारतीय सैनिकांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. याच द्रव्याचा हजार टन साठा स्वतंत्र भारताने बाळगला होता, हेही विसरून चालणार नाही.

१९९३ मध्ये पॅरिसला सह्यांसाठी खुला झालेला आणि २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आलेला रासायनिक शस्त्रबंदी करार याआधीच्या करारांहून एका बाबतीत वेगळा आहे. १९२५ चा जिनिव्हा करार 'वापरू नका' एवढेच सांगत होता, आणि अनेक देशांनी 'आधी कोणी वापरले तर आम्हीही वापरू' अशी पळवाट ठेवून त्यावर सही केली होती. परिणाम हलबजात दिसला. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या विमानांनी आपल्याच देशातल्या या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. नव्या कराराने बनवणे, बाळगणे, विकणे सारेच बंद केले. शिवाय कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही, असे ठरवले. किती आहे ते लिहून द्या, आम्ही येऊन मोजतो, नष्ट करताना शेजारी उभे राहतो, नंतर तुमचे रासायनिक कारखानेही तपासतो.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला ही भाषा परकी वाटणार नाही. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि कित्येकांचे वर्ष बुडाले. तेव्हापासून निर्यातीच्या बागेचा प्लॉट नोंदवायचा, फवारणीची वही ठेवायची, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्यायचा, याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. रॉटरडॅमच्या बंदरात माल उतरवायचा तर 'माझ्यावर विश्वास ठेवा' एवढे पुरत नाही, कागद लागतो. त्या बंदरापासून हेग तासाभराच्याही आत आहे, आणि तिथल्या संघटनेचा व्यवहारही याच जातीचा आहे.

ही पद्धत किती ताणता येते, हे सीरियात दिसले. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घूता भागात सॅरिनचा मारा झाला. महिनाभरात अमेरिका आणि रशिया यांच्यात तोडगा निघाला, सीरियाने करारात प्रवेश केला आणि सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २११८ संमत केला. सीरियाने सुमारे १,३०० टन रसायने जाहीर केली. पण यादवी युद्ध चालू असलेल्या देशात ती नष्ट कशी करणार? लताकिया बंदरातून डेन्मार्क आणि नॉर्वेच्या जहाजांनी ती उचलली, रशिया आणि चीनच्या युद्धनौकांनीही पहारा दिला. इटलीच्या जोया ताउरो बंदरात सर्वांत घातक माल 'केप रे' या अमेरिकी जहाजावर चढवला गेला. जहाजाच्या पोटात दोन फिरती यंत्रे बसवली होती. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने विषाचा रेणू तोडायचा, हे त्यांचे काम. सुमारे ६०० टन माल २०१४ च्या ऑगस्टपर्यंत भर समुद्रात निकामी झाला. उरलेल्या पाण्याचा थेंबही समुद्रात सोडला नाही. ते पिंपांत भरून जर्मनी आणि फिनलंडला नेले, कारण मस्टर्ड तोडल्यावर जे थायोडायग्लायकॉल उरते, त्यापासून पुन्हा मस्टर्ड बनवता येते. या मोहिमेला भारताने दहा लाख डॉलर दिले.

एकमेकांशी फारसे न पटणारे देश एका कामासाठी एकत्र आले, म्हणून आपण मान डोलावतो. पण हे काम समुद्रात का करावे लागले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर अल्बानियात आहे. आपला साठा २००७ मध्येच संपवलेल्या या छोट्या देशाला सीरियाचा माल आपल्या भूमीवर नष्ट करण्याची विनंती झाली होती. तिराना शहरात विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पंतप्रधान एदी रामा यांना नकार जाहीर करावा लागला. जोया ताउरोच्या आसपासच्या महापौरांनीही 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' म्हणून आवाज उठवला.

हीच गोष्ट अमेरिकेत अधिक ठळकपणे घडली. केंटकी राज्यातल्या ब्लू ग्रास लष्करी कोठारात सॅरिन, व्हीएक्स आणि मस्टर्ड भरलेली शस्त्रे होती. लष्कराला ती भट्टीत जाळायची होती. १९८० च्या दशकात शेजारच्या गावकऱ्यांनी विचारले की धुराड्यातून काय बाहेर पडेल आणि ते आमच्या मुलांच्या फुप्फुसांत जाणार नाही याची खात्री कोण देणार? क्रेग विल्यम्स या सुताराने या लढ्याचे नेतृत्व केले. शेवटी अमेरिकी संसदेला पर्यायी पद्धती तपासायला पैसा द्यावा लागला आणि तिथली भट्टी रद्द होऊन रासायनिक पद्धतीने विघटन करायचे ठरले. उशीर झाला, खर्च वाढला. पण ७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेचे शेवटचे सॅरिन भरलेले रॉकेट याच कोठारात निकामी झाले आणि जगातल्या घोषित साठ्यांपैकी शेवटचा साठा संपला.

म्हणजे निःशस्त्रीकरणात निरीक्षक दोन असतात. एक हेगचा, दुसरा कुंपणापलीकडे राहणारा. पहिल्याकडे कायदा आणि उपकरणे असतात. दुसऱ्याकडे गमावण्यासारखे बरेच असते, म्हणून त्याची नजर अधिक तिखट असते. भारताने पहिल्याला आत घेतले आणि दुसऱ्याला बाहेर ठेवले. आपल्या साठ्याचा तपशील गोपनीयतेच्या कक्षेतच राहिला.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की ही सारी व्यवस्थाच फसवी आहे. सीरियाने सगळे जाहीर केलेच नव्हते. २०१७ मध्ये तिथल्याच खान शेखूनला पुन्हा सॅरिन पडले. २०२१ मध्ये संघटनेला सीरियाचे मतदानासह काही अधिकार काढून घ्यावे लागले, आणि सीरियाचे अध्यक्ष असद सत्तेवरून गेल्यावर कुठे काय दडले आहे याचा शोध नव्याने सुरू झाला. बड्या देशांचे वागणेही सरळ नाही. २००२ मध्ये, इराकवरच्या हल्ल्याच्या आधी, संघटनेचे महासंचालक जोझे बुस्तानी यांना अमेरिकेच्या दबावाखाली पदावरून दूर करण्यात आले. हे सगळे खरे आहे. पण खान शेखूनचे पाप कोणाचे, हे नाव घेऊन सांगता आले ते आधीच्या नोंदींमुळे आणि नमुन्यांमुळे. हलबजाच्या वेळी अशी यंत्रणाच नव्हती, आणि तेव्हा बड्या राष्ट्रांना दोष भलत्यावर ढकलणे सोपे गेले होते. कुलूप तोडणारा चोर निघाला म्हणून कोणी कुलूप लावायचे सोडत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. विषाची माहिती चव्हाट्यावर आणली तर ती नको त्या हातात पडेल. शस्त्रांच्या बाबतीत हे काही अंशी मान्य करता येईल. पण इथेच खरी मेख आहे. रासायनिक शस्त्रे आणि रासायनिक उद्योग यांच्यामध्ये पक्की भिंत नाही. टॅबून आणि सॅरिन ही विषे गेऱ्हार्ड श्राडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कीटकनाशकांवरच्या संशोधनातून निघाली. दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्याला ऑर्गनोफॉस्फरस औषध मारताना विषबाधा झाली की तोंडाला फेस येतो, घामाने अंग निथळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर त्याला अॅट्रोपिन टोचतो. सॅरिनच्या रुग्णालाही तेच टोचतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला, तेव्हा कोणी त्यांच्यावर शस्त्र चालवले नव्हते. पहिल्या महायुद्धातला पहिला मोठा विषारी हल्ला क्लोरीनचा होता, आणि क्लोरीन आज पाणी शुद्ध करायला लागतो. फॉस्जीन त्याच युद्धातले, आज ते कीटकनाशके आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत लागते. म्हणूनच करारानुसार वर्षाला ३० टनांपेक्षा जास्त फॉस्जीन बनवणाऱ्याला ते जाहीर करावे लागते. २००० साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि हेगचे निरीक्षक भारतातले कारखाने नेमाने तपासून जातात.

मग प्रश्न उरतो तो आपला. हेगच्या निरीक्षकाला जे दिसते, ते नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींजवळच्या रहिवाशाला का दिसू नये? कायदा त्याच्या बाजूने आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आले. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या मालकाने कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही धोक्याची आणि बचावाची माहिती दिलीच पाहिजे, असे त्यात बजावले होते. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक संकट निवारण गट असतो आणि त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायला हवी. आपल्यापैकी किती जणांनी अशा बैठकीचे इतिवृत्त पाहिले आहे? १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरीजवळच्या मुंढेगावात कारखाना पेटला. डोंबिवलीत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्फोट झाले. आत काय साठवले होते, हे लोकांना दर वेळी धूर निघाल्यावरच कळले.

राष्ट्राच्या अब्रूचा मुद्दा काढून माहिती झाकणाऱ्यांना १९९७ च्या जूनची आठवण करून द्यावी. तेव्हा भारताने परक्यांसमोर आपली वखार उघडली, आधीचा शब्द मागे घेतला, आणि त्याने देश लहान झाला नाही. उलट पुढे सीरियाच्या मोहिमेत पैसा देताना आपल्याला ताठ मानेने बोलता आले. परक्याला विषाची मोजणी करू देणे हा सार्वभौमत्वाला धक्का नसेल, तर आपल्याच नागरिकाला ती पाहू देणे हा धक्का कसा ठरेल?

सिंहस्थ तोंडावर आहे. लाखोंची गर्दी गोदाकाठी येईल, जलशुद्धीकरण केंद्रांवर क्लोरीनची नळकांडी असतील, जिल्ह्यातल्या शीतगृहांत अमोनिया असेल, औद्योगिक वसाहतीत त्याहून बरेच काही. नाशिककरांनी आतापासून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. आपल्या परिसरात कोणते घातक रसायन किती साठवले आहे, गळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला पळायचे, आणि जिल्ह्याच्या संकट निवारण गटाची शेवटची बैठक कधी झाली. ग्रामसभेत विचारा, सोसायटीच्या सभेत ठराव करा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. उत्तर देणे ही सरकारची मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेले बंधन आहे.