भिंतीवरचा कोळी

डोंबिवलीची चाळ असो की घोडबंदर रोडचा विसावा मजला, न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला की अंगावर सर्रकन काटा येतो. ही भीती खरी असते. घाबरलेल्या मुलाला हसू नये. पण हा चपटा, लांब पायांचा कोळी जाळं विणत बसत नाही. रात्री फिरून झुरळं पकडतो आणि माणूस जवळ आला की पळ काढतो.

तो घरात नकोच असेल तर आधी त्याचं खाणं तोडावं. गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा किडे बोलावतो, किड्यांमागे कोळी येतो. दिवा मालवावा, खिडकीला जाळी लावावी, दाराखालची फट बुजवावी. जळमटं काढायला दिवाळीची वाट पाहू नये. तरीही आलाच, तर त्याच्यावर बरणी पालथी घालावी, खालून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर झाडापाशी सोडून द्यावं. त्यासाठी चप्पल उचलायला नको.

कोळ्याच्या वाट्याला मानही आला आहे. आपल्याच ठाणे-कल्याण परिसरातल्या, झेप घेऊन भक्ष्य पकडणाऱ्या एका कोळ्याचं २०२१ साली संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नामकरण केलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलूनही दहशतवादी कसाबची बंदूक न सोडणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, त्यांचं हे नाव. ज्या कोळ्यांना पाहून आपण किंचाळतो, त्यांच्यातल्याच एवढ्याशा जिवाला हे नाव द्यावंसं कुणाला वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.