अडलेला हरी आणि गाढवाची बाजू

‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आजवर ज्यांनी ज्यांनी मला ऐकवली, ते सगळे हरीच्या पक्षाचे होते. गाढवाला काय वाटलं असेल, याचा विचार कुणी केलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. मलाही तो सुचायचं काही कारण नव्हतं. पण १९८१ च्या मे महिन्यात मी कशेडी घाटात सहकुटुंब हरी झालो आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जायला तयार नाही.

आमच्याकडे तेव्हा एक सेकंडहँड गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा काही दोष नव्हता, दोष माझ्या हौसेचा होता. त्या काळी नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मी ती टाळायला जुनी घेतली आणि रस्त्यात थांबू लागलो, एवढाच फरक. दादरहून पहाटे निघताना आईने बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, हिने फिरकीचा तांब्या भरून घेतला आणि मुलांनी खिडकीच्या जागेवरून मागे महायुद्ध सुरू केलं. पोलादपूर मागे पडलं, घाट लागला आणि भर दुपारी, अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले नि ती शांत झाली.

मी बॉनेट उघडलं. ते उघडण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. पण बायकोमुलांसमोर आत गंभीरपणे पाहणं भागच होतं. चार वायरी हलवून पाहिल्या. आई म्हणाली, “अरे, दर्शनाला आल्यासारखा नुसता आत काय बघतोस?”

पाऊण तासाने एक ट्रक थांबला. ड्रायव्हर कराडकडचा. त्याने एकदा हात लावून पाहिला आणि म्हणाला, “पेट्रोल उकळलंय सायेब. पंपात वाफ धरलीय. वैनी, एखादं फडकं भिजवून द्या बगू.” तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी, तसा आमचा टॉवेल त्याने इंजिनावरच्या त्या छोट्या पंपाभोवती गुंडाळला आणि तांब्यातलं पाणी वर ओतलं. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. मी पाकीट काढलं. “राहू द्या की,” म्हणून त्याने डब्यातलं एक कडबोळं उचललं आणि गेला. ट्रकचा नंबर बघायचंही राहून गेलं.

परतताना महाडच्या अलीकडे गाडी पुन्हा बसली. या वेळी कुणा पोराच्या हाती निरोप धाडल्यावर पलीकडच्या गावातून सायकलवर एक मेकॅनिक आला. त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गॅप लावली. दोन मिनिटं. गाडी सुरू. “पन्नास रुपये.”

दोन मिनिटांना ही रक्कम शोभणारी नव्हती. मी मुकाट्याने दिली, कारण हरीला घासाघीस करता येत नाही. पण ही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. तिने विचारलं, “गावातल्या माणसाकडून किती घेता हो?”

तो शांतपणे म्हणाला, “गावात गाडी कुणाकडं आहे, वहिनी?”

वडखळ नाक्यापर्यंत गाडीत हाच खटला चालला. माझं म्हणणं, हा माणूस लुबाडतो. कालपरवाचा ट्रकवाला बघा! आई म्हणाली, “तो उन्हात सायकल मारत आला, त्याचे पैसे नको का धरायला?” मी म्हटलं, “धरले तरी पन्नास होत नाहीत.” मग ही म्हणाली, “अहो, ज्या दिवशी कुणाचीच गाडी बंद पडत नाही, त्या दिवशी तो काय खातो?”

यावर मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

खरं आहे. डॉक्टर, वकील आणि मेकॅनिक, तिघांचंही पोट आपल्या बंद पडण्यावर. अग्निशामक दलाच्या जवानाला आपण आग विझवण्याचे पैसे देतो, तसे आग नसताना बसून राहण्याचेही देतो. मेकॅनिकच्या पन्नासात त्याचं बसणं धरलेलं होतं. ट्रकवाल्याचं बसणं त्याचा मालक भरत होता, म्हणून त्याला कडबोळ्यावर भागवता आलं. एकाच्या औदार्यावरून दुसऱ्याला चोर ठरवणं बरोबर नाही. श्रमाची आणि वाट पाहण्याची किंमत घेणं वेगळं. समोरच्याला दुसरा इलाज नाही, एवढ्याच गोष्टीची किंमत लावणं वेगळं. पन्नासातले किती पहिल्या खात्यातले आणि किती दुसऱ्या, हे त्या मेकॅनिकलाच ठाऊक.

पण मेकॅनिकचा हिशेब निदान मिटला. ट्रकवाल्याचा मिटला नाही. नंबर नाही, नाव नाही, फेडायचं कुणाला?

आपल्या पूर्वजांनी याची सोय करून ठेवलेली आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथं एक आहे, माणसांचं ऋण. ते आल्यागेल्याला आसरा आणि अन्न देऊन फेडायचं. यातली गंमत पाहा. ऋषींचं कर्ज ऋषींना परत करायचं नसतं, अध्ययन करून फेडायचं. पितरांचं कर्ज पुढच्या पिढीकडे भरायचं. म्हणजे देणेकरी मागे आणि वसुली पुढे. कशेडीतलं कर्ज फेडायला कशेडीलाच जायला हवं असं नाही, दादरही चालेल.

ते दादरलाच समोर आलं. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पाण्यात होती आणि हिंदमाता नेहमीप्रमाणे सर्वांच्या पुढे. मी छत्री घेऊन उंच फुटपाथवरून घरी चाललो होतो. पाण्यात एक गाडी बंद पडली होती आणि आतला गृहस्थ पुन्हा पुन्हा सेल्फ मारत होता. एव्हाना मला एवढं कळू लागलं होतं की इंजिनात पाणी गेलं असेल तर सेल्फ मारायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि मग आतला रॉड वाकतो. एक हाक पुरली असती. मी मारली नाही. तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यातून चार पोरं आली, गाडी ढकलत नेली आणि त्यांनी दोनशे रुपये मागितले. “कसे लुबाडतात बघा!” असं मी शेजारच्या छत्रीला म्हणालोही.

घरी आल्यावर कोरडे पाय पुसताना ट्रकवाला आठवला. पोरं भिजली आणि त्यांनी पैसे घेतले. मी काही घेतलं नाही, काही दिलंही नाही, आणि वर न्यायाधीश झालो. गाढवाने निदान पाय धरू दिले होते.

पुढे महापालिकेने तिथलं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आणि कर्ज फेडण्याच्या संधी कमी झाल्या. तरी एका जुलैत ती मिळाली. तशीच गाडी, तसाच सेल्फचा आवाज. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, काचेवर टकटक केली आणि ओरडलो, “अहो, सेल्फ मारू नका!” आतल्या माणसाने हा म्हातारा किती मागणार, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि उघडी असलेली चार बोटं काचही हाताने ओढून वर घेतली.

पण सेल्फ मारायचा थांबला. एक हप्ता भरला, असं मी धरून चाललो आहे.